पातळ रक्ताच्या जावा

९ जानेवारी

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार. वाकून नाही. वाकणं, उचलणं, जिना चढणं, सगळं सासूबाईंनी बंद केलंय. जे वाचवायचं होतं ते गेल्यावर बंद केलंय, पण हेतू चांगला.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंत हे फार बरं केलंत. घरी मी फोन घेतला की सासूबाई टीव्हीचा आवाज बारीक करतात, आणि तुमच्याकडे ह्यांचे दादा फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसतात. त्यापेक्षा पोस्टमन बरा, तो निदान पाकीट फोडत नाही. चष्म्याच्या दुकानात काम करण्याचा हा एक फायदा. मागच्या खोलीत डोळे तपासायचा अंधार असतो, तिथे बसून काहीही वाचता येतं, आणि डोळे लाल दिसले तर गिऱ्हाइकांना वाटतं, धंद्याचाच भाग आहे.

नोव्हेंबरात तिसरं गेलं, हे तुम्हाला कळलंच. त्यानंतर आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो. ‘वारंवार गर्भपात विभाग’ अशी चक्क पाटी आहे. पाटी लावलीय म्हणजे लाजायचं कारण नाही, आणि जिन्याखाली लावलीय म्हणजे थोडं आहे.

माझ्या दोन्ही हातांतून बारा नळ्या रक्त काढलं. निकाल असा: गर्भाशय नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, आमच्या दोघांची गुणसूत्रं नॉर्मल, रक्तात गुठळ्या होण्याचा दोष नाही. इतकी नॉर्मल बाई मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मग होतंय कशानं?”

त्या म्हणाल्या, “माहीत नाही. निम्म्याहून जास्त जोडप्यांत कारण सापडतच नाही.”

आमचे हे गाड्यांचं वेळापत्रक बनवतात. उशीर झाला तर त्यांच्या कचेरीत कारणाचा रकाना भरावाच लागतो. ते आजवर डॉक्टरीणबाईंवर रागावून आहेत.

आता मुद्द्याचं. तिथे एक अभ्यास चाललाय. माझ्यासारख्या विनाकारण बायकांना रक्त पातळ करायच्या इंजेक्शनांचा उपयोग होतो की नाही, ते बघायचंय. दिवस राहिले की संगणक ठरवणार: निम्म्या बायकांना रोज पोटात इंजेक्शन, निम्म्यांना नुसती देखरेख. ज्यांच्या रक्तात खरंच दोष सापडतो त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ते औषध लागतंच, असं त्या दोनदा म्हणाल्या.

सासूबाई म्हणाल्या, “अभ्यास कसला करताय? आमची मिरची बघा की!”

तुमची लेक चार वर्षांची झाली, पण आपण या घराचा पुरावा आहोत हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुमची तीन गेली, मग इंजेक्शनं आली, मग मिरची आली. या घरात सूर्य उगवतो त्याच्यावरसुद्धा इतका विश्वास नाही.

तर तुम्हीच सांगा. कसं असायचं ते? दुखायचं का? गुण येतोय असं आतून कळायचं का? खरं सांगा.

तुमची धाकटी


२१ जानेवारी

धाकटे,

आतून कळायचं का म्हणे! आतून कळत असतं तर डॉक्टरांनी सोनोग्राफीची यंत्रं विकून भाजी लावली असती.

सुई टोचते तेवढी टोचते. पोटावर डाग पडतात, निळे, मग हिरवे, मग पिवळे. मी विज्ञानाची बाई असल्यामुळे रंगबदलाची नोंद ठेवायला हरकत नव्हती. ठेवली नाही. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

माझे डॉक्टर तुला आठवतात ना? ज्यांच्या दवाखान्यात भिंतभर काचेच्या टाकीत मासे होते. बायका वाट बघत बसायच्या आणि मासे त्यांच्याकडे बघत बसायचे. त्यांनी रक्त न तपासताच चिठ्ठी लिहून दिली होती. तुझे बारा नळ्या काढून “माहीत नाही” म्हणतात. काय तो काळ आणि काय हा! आमच्या वेळी डॉक्टरांना सगळं माहीत असायचं.

अभ्यासाचं मला पटत नाही. औषध काय नाणं उडवून द्यायचं? सासूबाईंचा काल फोन होता. चाळीस मिनिटं. त्यातली पस्तीस मिरचीच्या जन्माची कहाणी मला सांगण्यात गेली. मी तिथे हजर होते, हे त्या विसरतात. त्यांचं म्हणणं, मी तुला समजवावं. तर समजावते: घे इंजेक्शनं. सगळे सुखी होतील.

मिरचीनं काल शाळेत एका मुलाला चावलं. पुराव्याला दात आलेत, एवढं घरी कळव.

तुझी थोरली


२ मार्च

जाऊबाई, नमस्कार.

दोन बातम्या. पहिली: राहिलं. पाच आठवडे. दुसरी: संगणकानं मला ‘नुसती देखरेख’ दिली.

मी कागदावर सही केली तेव्हा हे शेजारी बसले होते. तिथल्या सिस्टरनं बटण दाबलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुम्हाला इंजेक्शन नाही. दर आठवड्याला या, आम्ही बघू.” ह्यांनी विचारलं, “पुन्हा एकदा दाबता येईल का?” माणूस चांगला आहे हो. फक्त त्याला वाटतं, प्रत्येक गाडीला एक पर्यायी गाडी असते.

घरी सांगितलं. सासूबाईंनी मिरचीचा फोटो दिवाणखान्यातून उचलून माझ्या उशाशी आणून ठेवला. तुमची लेक रात्रंदिवस माझ्याकडे बघत असते, हातात फुगा, चेहऱ्यावर ‘घेतली असतीस तर?’

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, बाहेरून घेतली तर? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “उपयोग होतो असं माहीत असतं तर मी पहिल्या दिवशीच दिली असती. होत नाही असं माहीत असतं तर अभ्यास केला नसता. रक्त पातळ करायचं औषध आहे, चॉकलेट नाही. घ्यायचंच ठरवलंत तर मला सांगून घ्या, लपवून नको.”

किती सोपं बोलतात! असं बोलणाऱ्या माणसाचं ऐकावं असं वाटतं, आणि घरी आलं की फोटो.

तुम्ही सासूबाईंना एक शब्द सांगितलात तर फार उपकार होतील. तुमचा शब्द म्हणजे इथे कायदा.

तुमची धाकटी


११ मार्च

धाकटे,

जप. एवढं सरळ लिहिते, बाकी नेहमीसारखं.

सासूबाईंना सांगायला फोन केला होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मलाच सांगितलं. परिणामी सोबत एक डबा पाठवतेय. माशांच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणवली, औषधांच्या दुकानातून मी स्वतः घेतलं, आणि तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर रवाना करतेय. भरलेल्या सुया आहेत, तीस. अशी मी कायद्यासारखी बाई.

डब्याचं काय करायचं ते तुझं तू बघ. घे म्हणत नाही, घेऊ नको म्हणत नाही. शाळेत पोरं असं उत्तर लिहितात तेव्हा मी शून्य देते.

एकच सांगते. मी तुझ्या जागी असते तर डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय... जाऊ दे. मी तुझ्या जागी होते, आणि काय केलं ते मला माहीत आहे.

तुझी थोरली


१९ मार्च

जाऊबाई,

डबा मिळाला. मालकांना वाटलं, काचा आल्या. उघडणार होते, मी झडप घातली. आता तो मागच्या खोलीत, जुन्या फ्रेमच्या खणात आहे. तिथेच राहील. मी शब्द दिलाय इस्पितळात, आणि माझ्यासारख्या नॉर्मल बाईनं शब्द मोडणं शोभत नाही.

आज सातव्या आठवड्याची तपासणी होती. ठोका दिसला. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि ते लुकलुकत होतं. हे पडद्याला इतके चिकटले की सिस्टर म्हणाली, “साहेब, आम्हालाही दिसू द्या.”

अजून काही लिहीत नाही. शब्दांची दृष्ट लागते असं मी मानत नाही, पण उगाच कशाला.

धाकटी


१४ एप्रिल

जाऊबाई,

दहाव्या आठवड्यात थांबलं. मागच्या गुरुवारी. तपासणीत ठोका नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडून वळवला नाही, हे मला बरं वाटलं. याआधी तिन्ही वेळा वळवला होता, जणू मी परकी.

फोनवर तुम्ही नुसत्या “अगं... अगं...” म्हणत होतात. बरं केलंत. बाकी सगळे वाक्यं बोलतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, “वय आहे अजून.” मालक म्हणाले, “देव एक दार बंद करतो...” आणि पुढचं त्यांना आठवेना. ह्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या, आतून आणि बाहेरून. आमचं घर इतकं लख्ख कधीच नव्हतं. बाहेरचं सगळं दिसतं.

सासूबाईंनी दोन दिवस माझं सगळं केलं. कपडे धुतले, पाय दाबले. तिसऱ्या दिवशी भांडी लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “थोरलीनं ऐकलं. म्हणून आज मिरची आहे.”

बस. एवढंच. आवाजही चढवला नाही. रोज एकदा म्हणतात, कुठलं तरी काम करता करता. तुमच्या मुलीवर माझा जीव आहे हो, पण सध्या तिच्या नावानं मला रोज एक चापट बसते.

तुम्ही डबा पाठवला होतात. मी शहाणी. मी शब्द पाळला. खणात आहे तो अजून, जसाच्या तसा. आता तुम्हाला परत पाठवू का?

धाकटी


१८ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी प्रयोगशाळेत बसून लिहितेय. पोरं मैदानावर आहेत. समोर त्यांच्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा आहे. दरवर्षी पाच-सहा दिवटे असतात, प्रयोग न करताच मागच्या बाकावरच्या वहीतून निरीक्षणं उतरवतात. मी त्यांना उभं करून विचारते, “तू पाहिलंस का हे? स्वतःच्या डोळ्यांनी? मग लिहिलंस कसं?” फार तिखट विचारते. मिरची कुणावर गेली असं लोक विचारतात, त्याचं उत्तर हे.

मी इंजेक्शनं घेतली नाहीत.

अकरा घेतली. बाराव्या दिवशी सकाळी माझ्या नाकातून रक्त आलं, आणि ते थांबेना. अर्धा तास बेसिनपाशी वाकून उभी होते. तुझे दादा कामावर गेले होते. मला वाटलं, वरून असं वाहतंय तर आत काय चाललं असेल? तीनदा रक्तच पाहिलं होतं ना मी, धाकटे. रक्ताशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. आणि त्यावर उपाय म्हणून मी ते आणखी पातळ करत होते. डोकंच चालेना.

माशांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या मदतनीस बाई म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात, चालू ठेवा.” डॉक्टर स्वतः आले नाहीत फोनवर. मासे आले असते तर त्यांनाही विचारलं असतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसातला मी न्हाणीघरात जायची, सुई काढायची, दट्ट्या दाबायची आणि औषध बेसिनमध्ये सोडायची. रिकामी सुई डब्यात. तुझे दादा संध्याकाळी रिकाम्या सुया बघून म्हणायचे, “शूर आहेस.” सासूबाई लोकांना सांगायच्या, “कशी निमूट टोचून घेते पोर!” साडेसात महिने मी बेसिनला इंजेक्शनं दिली. ते बेसिन त्या काळात एकदाही तुंबलं नाही. औषधाचा तेवढा गुण मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, प्रयोगवहीत लिहायला हरकत नाही.

मग मिरची झाली. गुटगुटीत, ओरडत. सगळे आनंदानं वेडे झाले. त्या क्षणी कोण सांगणार होतं? उद्या सांगू, बारशाला सांगू, वर्षाची झाली की सांगू. मग ती पुरावा झाली, आणि पुराव्याशी छेडछाड करणं गुन्हा असतो.

जानेवारीत तू विचारलंस, “खरं सांगा.” तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर डबा पाठवावा लागला नसता, फोटो तुझ्या उशाशी आला नसता, आणि भांडी लावता लावता तुला कुणी काही बोललं नसतं. मी मात्र तुला ‘घे’ म्हणाले, कारण ‘घेऊ नको’ म्हटलं असतं तर ‘का’ विचारलं असतंस.

म्हणून सांगते. मिरची कशानं झाली मला माहीत नाही. इंजेक्शनांनी नाही, एवढं नक्की. तुझं त्यांच्यावाचून गेलं नाही. ऐकतेस ना? त्यांच्यावाचून नाही गेलं.

शिव्या द्यायच्या असतील तर लिहून दे, जपून ठेवीन.

थोरली


७ मे

जाऊबाई,

तुमचं पत्र येऊन सतरा दिवस झाले. शिव्या लिहायला बसले होते, पण मला फारशा येत नाहीत. घरचं वळण. सासूबाईंना येतात, पण त्यांच्याकडून शिकायचं तर कुणासाठी ते सांगावं लागलं असतं.

राग आला. अजून आहे. चार वर्षं या घरात तुमच्या शौर्याचं पारायण चाललंय. माझ्या दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी, प्रत्येक वेळी मला कुणी ना कुणी सांगितलं, “थोरलीसारखी हिंमत पाहिजे.” आणि थोरली बेसिनला टोचत होती! तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर मी माझ्या शरीराकडे निदान माणसासारखं पाहिलं असतं.

आता माझं ऐका. तुम्ही लिहिलंत, “त्यांच्यावाचून नाही गेलं.” बरोबर आहे. त्यांच्यावाचून नाहीच गेलं.

मी घेतली होती.

डबा खणात जसाच्या तसा आहे, हे खोटं. खणात अकरा सुया उरल्यात. ठोका दिसला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केली. तोपर्यंत ठाम होते. पण ते लुकलुकणं पाहिलं आणि सगळा ठामपणा वाहून गेला. वाटलं, उद्या हे विझलं आणि डबा खणात तसाच असला, तर मी जगू कशी? रोज दुकान उघडायच्या आधी, मागच्या खोलीत, पोटाची घडी चिमटीत धरून. समोर भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, सगळ्यात मोठ्या अक्षराकडे बघत टोचायचे. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी तपासणी होती.

मग चार दिवस असं वाटत राहिलं की इंजेक्शनांनीच गेलं. आणि घरी ऐकत होते की इंजेक्शनं न घेतल्यानं गेलं. दोन्ही बाजूंनी मीच. हे मी कुणाला सांगणार होते? ह्यांनाही नाही. ते खिडक्या संपवून पंख्यांकडे वळले होते.

तुमच्या पत्रानंतर मी इस्पितळात गेले आणि सिस्टरला सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. तिनं नुसतं फाईलमध्ये लिहून घेतलं: किती, कधीपासून. मग म्हणाली, “अशा तुम्ही पहिल्या नाही.” आणि दार लावून घेतलं, म्हणजे मला नीट रडता यावं. डॉक्टरीणबाई आल्या. रागावल्या, पण फक्त लपवल्याबद्दल, आणि तेही खुर्ची ओढून जवळ बसून. म्हणाल्या, “त्यामुळे गेलं असं मानायला मला काही आधार दिसत नाही. न घेता राहिलं असतं असंही म्हणणार नाही. पुढच्या वेळी पातळ-घट्ट काय असेल ते मला आधी.”

तर हिशोब पाहा, जाऊबाई. जिनं घेतली नाहीत ती घेतली म्हणून गाजली. जिनं घेतली ती न घेतल्याबद्दल बोलणी खाते. विज्ञानाच्या बाई, यावरून काय निष्पन्न होतं?

मला सांगून तुमचं मन हलकं झालं, छान झालं. पण चापट मी मारत नाही, मी खाते. सासूबाई पंधरा तारखेला तुमच्याकडे येताहेत. त्यांना सांगा. माझं सांगावंसं वाटलं तर तेही सांगा, मला लाज उरली नाही. न सांगितलंत तर आपली पत्रं इथेच संपली असं समजा.

धाकटी


२९ मे

धाकटे,

सांगितलं.

पहिले तेरा दिवस सांगितलं नाही, हेही नोंदवून घे. रोज सकाळी ठरवायची, रोज त्या मिरचीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि मी चहा करायला निघून जायची. मला हिंमतवान म्हणणाऱ्यांना बोलवून दाखवायला हवं होतं.

काल मिरची झोपाळ्यावर होती आणि सासूबाई खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगत होत्या, “धाकटीनं हट्ट केला. चार गेली तिची.” बाई गेल्या. मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. अकरा इंजेक्शनं, नाकातलं रक्त, बेसिन, सगळं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, “म्हणजे अकरा घेतलीस ना? बघ. अकरातच काम झालं! किती गुणकारी असेल औषध.”

धाकटे, मी वीस वर्षं शिकवतेय. इतकं पक्कं डोकं माझ्या वर्गात एकही आलेलं नाही.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, “धाकटीनं एकोणीस घेतली. चोरून. तुमच्या फोटोपायी. तरी गेलं.”

त्या बसल्या. मला वाटलं, आता तुझ्यावर घसरतील, चोरून का घेतली म्हणून. पण तसं झालं नाही. मिरची “ढकला, ढकला” ओरडत होती, कुणी उठलं नाही. मग त्यांनी विचारलं, “मग गेली कशानं? तुझी तीन, तिची चार. सात आहेत माझी. कशानं गेली?”

“माहीत नाही, आई. कुणालाच माहीत नाही.”

“असं कसं माहीत नाही? काहीतरी असेलच की. कारण नसलं तर मी भांडू कुणाशी?”

मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना नीट येतही नाही. खोकल्यासारखं करतात. सात म्हणाल्या, धाकटे. आपण आपापली मोजत होतो. त्या सगळी मोजत होत्या.

मी जवळ बसले. काही बोलले नाही, कारण बोलायला लागले की माझ्या तोंडून टोमणा निघतो. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, “बेसिनला?” मी म्हटलं, “हो.” “साडेसात महिने?” “हो.” म्हणाल्या, “निर्लज्ज आहेस.” आणि झोपाळा ढकलायला गेल्या.

संध्याकाळी तुझ्या दादांना मीच सांगितलं. ते अजून बेसिनकडे संशयानं बघतात.

सासूबाई रविवारी परत येताहेत. काय बोलतील, मला ठाऊक नाही. हमी देत नाही. हमी देणं मी सोडलंय.

थोरली


२४ जून

जाऊबाई,

माफी मागितली नाही. तुम्ही वाट बघत असाल म्हणून आधी तेच लिहिलं.

आल्या, बॅग ठेवली, माझ्या खोलीत गेल्या आणि मिरचीचा फोटो उचलून परत दिवाणखान्यात नेऊन ठेवला. जेवताना म्हणाल्या, “तुझ्या त्या डॉक्टरणीला मला भेटायचंय.”

नेलं. जिन्याखालच्या बाकावर बसल्या, आजूबाजूच्या बायका पाहिल्या. नऊ होत्या त्या दिवशी. हळूच मला विचारलं, “या सगळ्या?” मी म्हटलं, “सगळ्या.” मग आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंची एक तास उलटतपासणी घेतली. जिना? प्रवास? सुनेची नोकरी? “मागे मी तिला शिलाई यंत्रावर बसवलं होतं, त्यानं?” प्रत्येकाला “नाही” आलं. शेवटी शेवटी प्रश्न बदलले, ते माझ्याबद्दलचे राहिले नाहीत. “मी तिला फार बोलले, त्यानं?” हे त्यांनी विचारलं तेव्हा मी दाराबाहेर असल्यासारखं केलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “त्यानं गर्भ जात नाही, आजी. पण त्यानं बरंही काही होत नाही.”

परत येताना बसमध्ये त्यांनी माझी पिशवी स्वतःकडे घेतली. तीत जेवणाचा रिकामा डबा आणि छत्री होती. तरी घेतली.

ह्यांना मी सुयांचं सांगितलं. ते म्हणाले, “एकटीनं टोचत होतीस? मला सांगितलं असतंस तर मी आलो असतो.” हे आणि सुई! रक्त काढताना बेशुद्ध पडणारा माणूस. पण आला असता, हे खरं.

पुन्हा कधी, विचारू नका. आमचं आम्हालाच ठरवायचंय.

तुमच्यावरचा राग कमी झालाय. संपलाय असं लिहिणार होते, पण आता आपण खरं लिहायचं ठरवलंय ना.

धाकटी


८ ऑक्टोबर

जाऊबाई,

सव्वा वर्षात एकही पत्र नाही, कारण फोनवर उघड बोलता यायला लागलं. लपवायला काही उरलं नाही की टपालखात्याचं नुकसान होतं. पण आजचं लिहूनच ठेवावंसं वाटलं.

तुम्ही मुलाला पाहून गेलात त्याला महिना झाला. आता नीट दूध पितो आणि ह्यांच्या वेळापत्रकाला अजिबात जुमानत नाही. काल तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी अभ्यासाचा निकाल सांगितला. इंजेक्शनं घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्हीकडे जवळजवळ सारखीच मुलं जन्मली. कारण न सापडलेल्या बायकांना ती देऊन काही फरक पडला नाही. मी विचारलं, “माझं कुठे मोजलंत? मी तर दोन्हीकडची.” त्या हसल्या. म्हणाल्या, “जिथे संगणकानं टाकलं होतं तिथेच. पण फाईलमध्ये सगळं लिहिलंय.”

यावेळी नऊ महिने काही नव्हतं. इंजेक्शन नाही, फोटो नाही. दर आठवड्याला जिन्याखाली जायचं, ठोका बघायचा, घरी यायचं आणि पुढच्या आठवड्यापर्यंत भ्यायचं. भीतीवर औषध निघालेलं नाही.

आज दुपारी शेजारच्या बाई आल्या, सुनेला घेऊन. तिची दोन गेलीत. पोर दाराशीच उभी, ओढणीचं टोक पिळत. बाईंनी बाळाकडे पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, “हिला कशानं गुण आला हो? आम्हालाही सांगा. इंजेक्शनं का?”

मी आत होते. कान टवकारले. या प्रश्नाचं उत्तर सासूबाई गेली कित्येक वर्षं चाळीस मिनिटं देत आल्यात.

सासूबाई म्हणाल्या, “माहीत नाही.”

“असं कसं? काहीतरी केलंच असेल.”

“इस्पितळात जिन्याखाली एक बाई बसते, तिच्याकडे न्या हिला. रक्त तपासून घ्या. दोष निघाला तर ती देईल ते औषध घ्यावं. नाही निघाला, तर तुम्ही गप्प बसायचं. ते फार अवघड असतं, मला जमलं नव्हतं.” मग त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, “तू आत जा गं. आत आमची धाकटी आहे. तिचीही चार गेलीत.”

ती आत आली. मी बाळाला पाजत होते, मला वाटलं तिला त्रास होईल, म्हणून पदर ओढून घ्यायला लागले. ती म्हणाली, “असू द्या.” आणि पलंगाच्या कडेला बसली. मग बाहेरून दोन्ही सासवांचे आवाज येत होते तोवर हळूच विचारलं, “ताई, मागच्या वेळी मी सायकल चालवली होती. त्यानं तर नसेल ना गेलं?”

मी म्हटलं, “नाही.”

ती म्हणाली, “नक्की?”

मी म्हटलं, “नक्की.” आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला बसले. तुमच्या बेसिनसकट. रागावू नका.

तुमची धाकटी